नुसतें पाहून आलों

उन्हाळ्याची सुटी लागली कीं आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील घरें प्रवासाला निघतात. पूर्वीं या प्रवासाचें स्वरूप ठरलेलें असे. मूर्तिजापुरास जाणारी 'शकुंतला' आगगाडी धरावयाची, तेथून मुंबईची मोठी गाडी गांठावयाची, आणि नातलगांच्या घरीं मुक्काम करून महालक्ष्मी, राणीचा बाग व चौपाटी पाहून परतावयाचें. ती चिमुकली आगगाडी आतां बंद पडली. पुसद, दारव्हा, वणी येथील मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं पुण्यामुंबईस राहूं लागलीं, कांहीं विलायतेस गेलीं, आणि पाहण्याच्या स्थळांची यादीही वाढली. या वाढलेल्या यादींत एक स्थळ असें आहे, कीं त्याचें नांव जेवणाच्या पंक्तींत निघत नाहीं, परंतु गच्चीवर चुलतभाऊ-आतेभाऊ जमले म्हणजे हटकून निघतें. मुंबईस गेलेल्यानें कामाठीपुरा 'पाहिलेला' असतो, पुण्यास शिकणाऱ्यानें बुधवार पेठेंतील ती गल्ली 'पाहिलेली' असते, कचेरीच्या कामासाठीं ॲम्स्टरडॅमला गेलेल्यानें तेथील कांचेच्या खिडक्या 'पाहिलेल्या' असतात. कोणी टॅक्सीवाल्यास गाडी हळू हांकावयास सांगितलेलें असतें, कोणी चार मित्रांच्या आधारानें पायीं फेरी मारलेली असते, आणि एखाद्यानें खिशांतील फोन हळूच वर करून चित्रही घेतलेलें असतें. घरांतील कोणीं डोळे वटारलेच, तर उत्तर तयार असतें: "आम्हीं कांहीं केलें नाहीं. नुसतें पाहून आलों."

या महिन्यांत आम्ही या एका वाक्याविषयीं लिहिणार आहों.

हा विषय कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकास शोभतो काय, अशी शंका वडीलधाऱ्या वाचकांस येईल, आणि ती गैर नाहीं. परंतु एकत्र कुटुंबाचा आमचा अनुभव असा आहे, कीं जी गोष्ट माजघरांत उघड बोलली जात नाहीं ती गच्चीवर कुजबुजीनें बोलली जातेच, आणि कुजबुजींत तिला थट्टेचें रूप येतें. उघड बोलण्यांत निदान विवेकाला जागा असते. दुराचाराविषयीं आम्हांस येथें कांहीं सांगावयाचें नाहीं. तें घरोघर पुरेसें सांगितलें जातें. आम्हांस बोलावयाचें आहे तें त्या निरुपद्रवी मानल्या गेलेल्या पाहण्याविषयीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं हें पाहणें निरुपद्रवी नाहीं. जिला पाहिलें जातें तिच्या पदरचें कांहींतरी तें घेऊन जातें, आणि मोबदला कांहींच देत नाहीं.

ही हौस आपल्याच काळाची आहे असें मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत लंडन शहराच्या पश्चिम भागांतील सधन स्त्री-पुरुष पूर्व भागांतील दरिद्री वस्त्या पाहण्यासाठीं गाडी करून जात. या करमणुकीला 'स्लमिंग' असें नांवच पडलें, आणि लवकरच न्यूयॉर्कच्या धनिकांनींही ती उचलली. त्याच काळांत, १८८४ सालीं, सॅम्युअल बार्नेट या धर्मोपदेशकानें त्याच पूर्व भागांत टॉयन्बी हॉल ही संस्था काढली, आणि विद्यापीठांतील तरुण तेथें जाऊन राहूं लागले. वस्ती एकच, वर्षेंही तींच. परंतु एक मनुष्य संध्याकाळीं गाडींतून उतरून दोन तासांनीं परत जाई, आणि दुसरा तेथें बिऱ्हाड करी. पहिल्याजवळ सांगावयास गंमत असे. दुसऱ्याजवळ शेजारी असत.

ॲम्स्टरडॅमची गोष्ट तर अगदीं अलीकडची. तेथें हा व्यवसाय कायद्यानें मान्य आहे, स्त्रिया रस्त्याकडील कांचेच्या मागें बसतात, आणि जगांतील प्रवासी झुंडीनें तेथें लोटतात. वाटाड्या पुढें, प्रवासी मागें, अशा मिरवणुकी त्या अरुंद गल्ल्यांतून रात्रंदिवस चालत. अखेर नगरपालिकेनें २०२० सालापासून अशा सहलींना त्या खिडक्यांवरून नेण्यास मनाई केली. मनाई धंद्यास नव्हती, बघ्यांना होती, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. या स्त्रियांकडे प्रेक्षणीय वस्तु म्हणून पाहणें आजच्या काळास शोभत नाहीं, असें नगरपालिकेचें म्हणणें पडलें. जो व्यवहार तेथील कायदा निमूटपणें सहन करतो, त्याच्याकडे टक लावून पाहणें मात्र त्या शहरास सहन झालें नाहीं! आमच्या गच्चीवरील न्याय याच्या नेमका उलट आहे.

मुंबईची गोष्ट आपल्याला वाटते त्याहून अधिक जवळची आहे. कामाठीपुरा हें नांव ज्या कामाठी लोकांवरून पडलें, ते तेलुगू मुलुखांतून, म्हणजे आमच्या वणी-पांढरकवड्याच्या दक्षिणेस पैनगंगेपलीकडे जो प्रदेश लागतो तिकडून, मुंबईस गेलेले बांधकामाचे मजूर व कारागीर होते. शहर बांधणाऱ्यांची ती वस्ती. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिली कापडगिरणी काढण्याचा उद्योग आरंभिला. पुढें गिरण्या वाढल्या आणि त्यांना आमच्या वऱ्हाडचा कापूस लागूं लागला. यवतमाळची ती 'शकुंतला' मुळांत कापूस वाहण्यासाठींच घातलेली होती. गिरण्यांत कामास आलेले पुरुष बहुधा एकटे येत. त्यांचीं बायकामुलें कोंकणांत व घाटावर गांवींच रहात. बंदरांत खलाशी उतरत, छावणींत गोरे शिपाई असत. पुरुषांच्या मानानें स्त्रिया फारच थोड्या, अशा त्या शहरांत कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या या बाजारानें भरल्या. यूरोपांतून आलेल्या स्त्रियांचीही तेथें एक गल्ली होती. लोक तिला 'सफेद गल्ली' म्हणत. ज्या कापसाच्या पैशावर आमच्या जिल्ह्यांतील कित्येक वाडे उभे राहिले, त्याच कापसाच्या वाटेवरचें हें एक ठाणें होय. इतकें ध्यानांत घेतलें म्हणजे 'तिकडची घाण' असें म्हणून मोकळें होतां येत नाहीं.

याच भागांतील फॉकलंड रोडवर कित्येक खोल्यांना रस्त्याच्या बाजूनें गज लावलेले असत. लोक त्यांना पिंजरे म्हणत. मेरी एलन मार्क या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनीं दहा वर्षें अधूनमधून तेथें छायाचित्रें घेण्याचा यत्न केला, आणि दर वेळीं तेथील स्त्रियांनीं अंगावर पाणी व कचरा फेंकून त्यांस परतवून लाविलें, असें त्यांनीं स्वतःच सांगून ठेविलें आहे. १९७८ सालीं त्या पुन्हां गेल्या. या वेळीं त्या रोज जात राहिल्या. शिव्या खाल्ल्या, तरी गेल्या. हळूहळू एकदोघींची ओळख झाली, घरांत बोलावणें झालें, आणि मग त्यांचें पुस्तक १९८१ सालीं बाहेर पडलें. तें पुस्तक काढणें योग्य कीं अयोग्य, यावर वाद करतां येईल. आम्हांस त्या कथेंतील पहिलीं दहा वर्षें अधिक बोलकीं वाटतात. अंगावर आलेलें तें पाणी म्हणजे त्या स्त्रियांनीं 'नुसतें पाहणाऱ्यास' दिलेलें उत्तर होतें. गिऱ्हाइकावर त्या पाणी फेंकीत नसत. गिऱ्हाईक कसाही असला तरी पैसे टाकून जातो. पाहणारा चेहरा घेऊन जातो, आणि तो चेहरा कोणाच्या घरीं, कोणाच्या हातांत, कोणत्या गांवीं पोंचेल याचा नेम नसतो. या स्त्रियांपैकीं पुष्कळजणींचें कोठेंतरी एक गांव असतें, तेथें आई असते, मूल असतें, आणि मुंबईंत आपली मुलगी घरकाम करते असें त्या आईस सांगितलेलें असतें. एक चित्र तेवढें सगळें मोडून टाकावयास पुरे आहे.

त्या फॉकलंड रोडचें हल्लींचें नांव पठ्ठे बापूराव मार्ग. हे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी. १८६६ सालीं रेठरे हरणाक्ष या गांवीं ब्राह्मण कुळकर्ण्यांच्या घरांत जन्मलेले. लावणीच्या वेडानें त्यांनीं घर व वतन सोडलें, पवळा या महार कलावतीबरोबर तमाशाचा फड गाजविला, आणि १९४५ सालीं ते वारले. तमाशा ही कला आहे, तो शरीराचा बाजार नव्हे. ही गल्लत आमच्या घरांतून नेहमीं होते म्हणून मुद्दाम सांगतों. परंतु ज्यांना आमच्या पंक्तींतून उठविलें, त्यांचेंच नांव मुंबईनें त्या रस्त्यास दिलें. बापूरावांविषयीं कोणाचें मत कांहींही असो, आपल्या आवडीची किंमत त्यांनीं स्वतः भरली. टॅक्सीची कांच अर्धी खालीं करून पाहणारा आपला पुतण्या काय भरतो? टॅक्सीचें भाडें.

नागपूर तर आपल्या अंगणांतलेंच. लग्नाचा बस्ता बांधावयाचा म्हणजे यवतमाळचीं घरें आजही इतवारीच्या पेठेंत जातात. तेथून जवळच गंगा-जमुना ही जुनी वस्ती. दोन पवित्र नद्यांचीं नांवें तिच्या वांट्यास आलीं आहेत. २०२१ सालच्या ऑगस्टमध्यें नागपूरच्या पोलिसांनीं त्या वस्तीचे रस्ते अडवून तेथील व्यवहार बंद पाडण्याची मोहीम काढली. देऊळ, शाळा, रुग्णालय अशा ठिकाणांपासून दोनशें मीटरांच्या आंत हा व्यवसाय करणें १९५६ सालच्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे, हा त्या मोहिमेचा आधार होता. वस्तींतील स्त्रिया रस्त्यावर आल्या. यवतमाळचे पुढारी जांबुवंतराव धोटे यांच्या कन्या ज्वाला धोटे त्यांच्या बाजूनें उभ्या राहिल्या. वस्ती हटवावी असें म्हणणारे आसपासचे रहिवासीही होते. त्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस येथें एवढेंच नमूद करावयाचें आहे, कीं ज्या वस्तीच्या बाजूनें जातांना आमच्या आयाबहिणी पदर सांवरून मान वळवीत आल्या, तीच वस्ती त्या दिवसांत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर घरांत बसून पाहतां आली. रस्त्यावर मान वळविणें आणि पडद्यावर टक लावणें या दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे. दोहोंत समोरच्या बाईशीं बोलण्याचा प्रसंग येत नाहीं.

आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. या वस्त्यांची अपकीर्ति सारी विकणारीच्या नांवावर पडते. विकत घेणाऱ्याच्या नांवाची वस्ती आमच्या ऐकण्यांत नाहीं. तो रात्रीं तेथें असतो आणि सकाळीं आपल्या आळींत, आपल्या नांवानें, आपल्या पाटीखालीं असतो. हेंच न्यायाचें माप आमच्या जिल्ह्यांतही लागलेलें आम्हीं पाहिलें आहे. झरी-जामणी, मारेगांव, केळापूर या तालुक्यांतील कोलामांचे पोड वाचकांस ठाऊक आहेत. शासनानें महाराष्ट्रांतील ज्या तीनच जमातींस अत्यंत दुर्बल आदिवासी म्हणून वेगळें नोंदविलें, त्यांत कातकरी व माडिया गोंड यांच्या जोडीस कोलाम येतात. या पोडांवर कामें घेऊन येणारे ठेकेदार, व्यापारी व त्यांचीं माणसें यांनीं कोलाम मुलींना लग्नाच्या भुलाव्यानें फसविलें, आणि मुलें त्यांच्या पदरांत टाकून तीं माणसें निघून गेलीं. वर्तमानपत्रांतून बभ्रा झाला. मग पाहणीसाठीं अधिकारी गेले, पुढारी गेले, बातमीदार गेले. कित्येकांचा हेतु चांगला होता, आणि कांहींजणींना मदतही मिळाली. परंतु त्या सर्वजणींना मिळून जें एक नांव कायमचें मिळालें तें 'कुमारी माता'. या दोन शब्दांत आई आहे, तिचें लग्न न होणें आहे. बाप मात्र कोठेंच नाहीं. जे मोटारींतून आले आणि गेले त्यांना नांव पडलें नाहीं. जी पोडावर राहिली, तिच्या नांवाची यादी झाली.

सर्वोच्च न्यायालयानें १९ मे २०२२ रोजीं एका खटल्यांत या विषयावर कांहीं आदेश दिले, ते प्रत्येक सुशिक्षित घरास माहीत असावेत. देहविक्रय करणाऱ्या स्त्रीसही राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमानें प्रतिष्ठेनें जगण्याचा हक्क आहे. पोलिसांनीं तिच्याशीं सभ्यतेनें वागावें. केवळ आई या व्यवसायांत आहे एवढ्यावरून मूल तिच्यापासून तोडूं नये. आणि धाड पडो, अटक होवो कीं सुटका होवो, वृत्तपत्रांनीं तिचें चित्र छापूं नये वा ओळख उघड करूं नये, असा त्याचा आशय आहे. जें बंधन न्यायालयानें छापखान्यास घातलें, तें आमच्या खिशांतील फोनला नीतीनें लागूं नये काय? आजकाल प्रत्येकाच्या खिशांत एक छापखाना असतो, आणि त्याचा संपादक बहुधा एकोणीस वर्षांचा असतो.

येथें कोणी म्हणेल, कीं हें सर्व खरें असलें तरी तीं माणसें निराळीं आणि आपलीं घरें निराळीं. या समजुतीचा मात्र आम्हांस स्पष्ट शब्दांत निषेध केला पाहिजे, कारण इतिहास तिच्या विरुद्ध आहे. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, तें कोणासाठीं? विशेषतः आमच्याच घरांतील तरुण विधवांसाठीं. केशवपन करून कोनाड्यांत बसविलेल्या त्या मुलींना घरांतल्याच कोणाकडून दिवस जात, आणि मग त्यांच्यापुढें विहीर, नाहीं तर बाजार, असे दोनच रस्ते उरत. तेथें आलेल्या काशीबाई नांवाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्यानें दत्तक घेतला आणि डॉक्टर केला. १८७५ सालीं पंढरपुरास असेंच दुसरें गृह निघालें. १८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेस नवजात मूल मारल्याबद्दल प्रथम फांशीची शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या अधःपाताविषयीं मोठी ओरड उठली. तिला उत्तर देण्यासाठीं आमच्या वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं लेखणी उचलली, आणि १८८२ सालीं त्यांचें 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक पुण्यास छापून निघालें. ज्या बाईकडे बोट दाखविलें जातें तिला त्या वाटेस लावणारा कोण, हा प्रश्न त्यांनीं पुरुषांस रोकडा विचारला. पुस्तकावर त्या काळीं टीका झाली, आणि मग तें कित्येक वर्षें विस्मृतींत पडलें. प्रश्न मात्र तेथेंच उभा आहे.

केशवपन गेलें, बालविवाह कमी झाले. परंतु दार लावून घेण्याची संवय आमच्या घरांतून पुरती गेली आहे असें म्हणवत नाहीं. मुलीनें परजातींत लग्न केलें, कोणाच्या विश्वासावर घर सोडलें, फसली आणि परत आली, तर दाराची कडी आंतून किती घरांत निघते? वाट चुकलेली प्रत्येक मुलगी बाजारांत पोंचते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु बाजारास मुली पुरविणारा दलाल नेमका कोणास हेरतो, हें विचारून पाहावें. जिच्या मागें दार लागलेलें आहे, तिला तो हेरतो.

आतां आमच्या वाचकभगिनींसाठीं एक गोष्ट. पाहिलें जाणें म्हणजे काय, हें पुरुषांस समजावून द्यावें लागतें, आपल्याला नाहीं. घरांतील कोणत्याही आजींना विचारा, त्यांना 'दाखविली' तो दिवस त्यांस अजून आठवत असेल. बैठकींत चार पुरुष तक्क्याला टेकून बसलेले. पोह्यांची बशी पुढें केल्यावर "चालून दाखव, मुली" असें फर्मान. सुईंत दोरा ओंवून दाखविणें. वेणी खरी कीं गंगावन, याची चौकशी. आणि मग आठ दिवसांनीं आलेला नकार. त्या बैठकींत कोणीं अंगाला हात लावला नव्हता. तेही लोक 'नुसतें पाहून' गेले होते. तरी साठ वर्षांनंतर त्या आठवणीनें आजींचा आवाज बदलतो. मग जिला रोज रात्रीं शंभर अनोळखी लोक पाहतात, हंसतात, बोट दाखवितात आणि पुढें जातात, तिच्या मनाचें काय होत असेल, याची कल्पना करण्यासाठीं त्या गल्लींत जाण्याची कांहीं गरज नाहीं. ती कल्पना आपल्या माजघरांत बसूनही करतां येते. आणि नातवानें ती आजीच्या तोंडून ऐकली, तर कोणत्याही उपदेशाहून अधिक उपयोग होईल.

यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे, आणि तो प्रामाणिक आहे. तरुण मंडळी म्हणतील, कीं पाहिल्यावांचून कळणार कसें, आणि कळल्यावांचून कळवळा येणार कसा? मध्यमवर्गानें डोळे मिटून घ्यावेत हेंच तुमचें सांगणें काय?

नव्हे. कळून घेण्याचे मार्ग आहेत, आणि ते पाहण्याहून कठीण आहेत. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' हा काव्यसंग्रह १९७२ सालीं निघाला. ज्या वस्तींत ते वाढले तेथील भाषा त्यांनीं आमच्या सभ्य मराठींत आणून उभी केली, आणि त्यांतील कित्येक शब्द आमच्या पदवीधरांनाही समजेनात. तें पुस्तक वाचणें सुखाचें नाहीं. परंतु तेथें बोलणारा आंतला आहे, आणि आपण ऐकणारे आहों. नलिनी जमीला या मल्याळी स्त्रीनें आपलें या व्यवसायांतील आयुष्य २००५ सालीं स्वतः पुस्तकरूपानें मांडलें. तें तर खुद्द तिचेंच बोलणें. पाहण्यांत आपण वरचढ असतों. ऐकण्यांत निदान क्षणभर बरोबरीला येतों.

आणि ज्यांना जावयाचेंच आहे त्यांनीं, जे खरोखर गेले, ते कसे गेले तें पाहावें. १६ जून १९३६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मुंबईस परळच्या दामोदर ठाकरसी सभागृहांत कामाठीपुऱ्यांतील स्त्रिया, मुरळ्या, जोगतिणी व देवदासी यांच्यापुढें भाषण केलें. ते त्यांना पाहावयास गेले नाहींत. त्यांनीं त्यांना सभेंत सन्मानानें बसविलें, आणि हें जिणें सोडून बाहेर या, असें तोंडावर सांगितलें. त्यांचें सांगणें कठोर होतें; परंतु कठोर बोलण्यासाठींही समोरच्याला माणूस मानावें लागतें. कलकत्त्यास सोनागाचींत डॉ. स्मरजित जाना १९९२ सालीं रोगप्रतिबंधाच्या कामासाठीं गेले, आणि तेथील स्त्रियांच्याच हातीं त्यांनीं तें काम सोंपविलें. १९९५ सालीं त्या स्त्रियांची 'दुर्बार' ही संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षीं त्यांची सहकारी पतपेढीही निघाली. आमच्या सांगलींत 'संग्राम' संस्थेचें काम १९९२ सालीं सुरू झालें. पुढें तेथील स्त्रियांनीं 'वेश्या अन्याय मुक्ति परिषद' स्थापन केली. या मार्गांबद्दल मतभेद आहेत, आणि असावेत. व्यवसाय मुळांतून बंद व्हावा असें म्हणणारे एका बाजूस, आणि त्या स्त्रियांना आधीं हक्क द्या असें म्हणणारे दुसऱ्या बाजूस, असा वाद जगभर चालू आहे. परंतु दोन्ही पक्षांतील खरे कार्यकर्ते एका बाबतींत सारखे असतात: त्या वस्तींत त्यांना नांवानें ओळखतात.

म्हणून आम्ही घरोघरच्या कर्त्या मंडळींना कांहीं सूचना करूं इच्छितों. मुलगा पुण्यामुंबईस वा परदेशीं निघाला, म्हणजे खर्चाचे पैसे व औषधांची पिशवी देतांना या विषयावरही त्याच्याशीं एकदां सरळ बोलावें. हें काम वडिलांचें किंवा काकांचें आहे. तें मित्रांवर सोंपवूं नये. घरच्या मंडळींच्या फोनवर अशा वस्तीचें चित्र वा चित्रफीत आली, तर हंसून पुढें न धाडतां ती तेथेंच पुसून टाकावी, आणि पाठविणाऱ्यास तसें कळवावें, मग तो जांवई कां असेना. ज्यांना कळवळा आला आहे त्यांनीं एका सहलीचा खर्च बाजूस काढून आपल्या तालुक्यांतील एखाद्या गरजू मुलीच्या शाळेची वा वसतिगृहाची फी भरावी. मुलगी शिकत राहिली म्हणजे दलालाचा हात सहसा तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, आपल्या लेकीसुनांना त्या चुकण्याच्या आधींच एक गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगून ठेवावी: कांहीं झालें, कितीही उशीर झाला, आणि लोक कांहींही बोलले, तरी या घराचें दार आंतून लावलेलें नसेल.

हें शेवटचें सांगणें सर्वांत जड आहे, याची आम्हांस जाणीव आहे. एकत्र कुटुंबांत दार एकट्याच्या हातांत नसतें. आजोबांची अब्रू, चुलत बहिणींचीं लग्नें, शेजाऱ्यांचें बोलणें, सगळें त्या एका कडीला लोंबत असतें. परंतु आपण ज्यांना 'पाहून' येतों, त्यांतील कितीजणी अशाच एखाद्या कडीपाशीं उभ्या राहून, हांक मारून, परत फिरल्या असतील, याचा हिशेब आजवर कोणीं मांडलेला नाहीं. घरांतील मुलगा या सुटींत परत आल्यावर म्हणाला, कीं 'नुसतें पाहून आलों', तर त्याच्यावर ओरडूं नये. त्याला जवळ बसवून विचारावें, कीं तिनेंही तुला पाहिलें असेल. तिला तूं कसा दिसलास?